लाजाळू मासा

मासा सकाळी सातला मेला, आणि साडू अकराला यायचा होता.

ग्रंथपाल बनियनवरच टाकीसमोर उभा राहिला. जुन्या हीटरने बंद व्हायचं नावच घेतलं नव्हतं. पाणी अंघोळीला घ्यावं इतकं तापलं होतं आणि त्यावर तो केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा जोकर मासा आडवा तरंगत होता. ग्रंथपालाने त्याला चमच्याने दोनदा हलवून पाहिलं. मग वर्तमानपत्रात गुंडाळून बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं. दुसरा आणावा तर माशांचं दुकान रविवारी संध्याकाळी पाचशिवाय उघडत नव्हतं.

"सांगून टाका त्यांना," बायको म्हणाली. "मासाच होता, जावई नव्हता."

"आज नाही."

त्याच्या 'नाही'ला कारण होतं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याचं फरश्यांचं मोठं दुकान होतं. वर्षापूर्वी त्याने एका ठेकेदाराला फोन केला आणि दोन दिवसांत त्याच्या दिवाणखान्यात भिंतभर समुद्र आला. सगळं सासर तो बघायला जमलं होतं. ग्रंथपाल जरा जास्तच वेळ काचेसमोर रेंगाळला, तसा साडू सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही गोड्या पाण्यातले ठेवा हो. स्वस्तात भागतं." सगळे हसले. बायकोसुद्धा हसली. ग्रंथपालाने मनाशी खूणगाठ बांधली ती तेव्हा.

मग त्याने खाऱ्या पाण्याचा संसार काटकसरीत मांडला. टाकी बंद पडलेल्या एका दवाखान्यातून आणली आणि तिच्या काचेवरचा ओरखडा भिंतीकडे वळवला. पुस्तकं त्याच्याच वाचनालयातली. चार महिने एकाही सभासदाला तो विषय मिळाला नाही. खडक दुकानदाराच्या मोडतोडीच्या बादलीतले. मीठ तेवढं स्वयंपाकघरातलं चालेना. ते पाकिटातलंच घ्यावं लागलं, आणि त्या महिन्यात चष्म्याची नवी काच राहून गेली. एवढं झाल्यावर दुकानदार म्हणाला, "सहा आठवडे मासा टाकायचा नाही. पाणी मुरू द्या, त्यात चांगले जिवाणू वाढू द्या." मग सहा आठवडे घरातली माणसं नुसत्या खडकापुढे बसून चहा प्यायली. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही ग्रंथपालाने डोळ्यांना न दिसणारे जिवाणू दाखवले.

शेवटी मासा आला. एकच. दुसरा ऐपतीत बसत नव्हता. तो नऊ दिवस जगला. ते नऊ दिवस ग्रंथपाल वाचनालयाला कुलूप लावून तडक घरी यायचा आणि चपला काढायच्या आधी काचेशी वाकायचा. नवव्या दिवशी फोन करून त्याने साडूला सहकुटुंब बोलावलं. दहाव्या दिवशी हे असं.

साडू बरोबर अकराला आला. मागून मेहुणी आणि दोन मुलं.

"कुठंय मासा?" मुलांनी काचेला नाकं लावली.

"खडकामागे असेल. लाजाळू आहे तो."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ग्रंथपाल टाकीला पाठ करून मध्यभागी उभा राहिला आणि एकेकाचं तोंड बघत बोलत सुटला. ही जात कशी मानी असते, माणूस कसा ओळखते, चारचौघांत कशी पटकन येत नाही. स्वयंपाकघरात बायको भांडी जरा जास्तच आपटत होती.

"अगंबाई, दिसला!" मेहुणी ओरडली. "शेपूट दिसलं!"

"मलापण!" धाकटी म्हणाली.

"मला तर आख्खा दिसला," थोरल्याने तिच्यावर मात केली.

ग्रंथपालाचा जीव भांड्यात पडला. जिवंत असताना त्या माशाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

साडूने मात्र टाकीकडे पाहिलं, मग बराच वेळ ग्रंथपालाकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "चला, जरा बाल्कनीत बसू."

बाहेर आल्यावर त्याने दार ओढून घेतलं.

"तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्याकडे दर शनिवारी ठेकेदार येतो. मेलेले काढतो, नवे टाकतो. रंग, माप, सगळं जुळवून. पोरांना वाटतं, तेच आहेत. धाकटीने एकाचं नाव राजा ठेवलंय. असे सात राजे झाले आतापर्यंत."

ग्रंथपालाला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आयतं दारात चालून आलं होतं. आता फक्त तोंड मिटून उभं राहायचं, आणि जमलंच तर दोन उपदेशाच्या गोष्टी सांगायच्या. त्याने उपदेशासाठी तोंड उघडलंही. पण साडू कठड्यापलीकडे कुठेतरी बघत होता, आणि त्याचा चेहरा शाळेत नापास होऊन घरी आलेल्या मुलासारखा झाला होता.

"दादा," ग्रंथपाल म्हणाला, "माझा आज सकाळीच गेला. आत नुसता खडक आहे."

साडू दचकला नाही. मानसुद्धा वळवली नाही. फक्त अकरा वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो विसरला.

"ते मला आल्याआल्याच कळलं रे. तू एकदासुद्धा टाकीकडे बघितलं नाहीस," तो म्हणाला. "ज्याचा मासा जिवंत आहे, त्याला हे असलं कोण सांगायला जातं?"