लाईट जाता कामा नये

अण्णासाहेबांनी पेनड्राईव्ह टीव्हीच्या मागच्या खाचेत खुपसला तेव्हा सव्वा वाजला होता, आणि पाहुणे चारला यायचे होते.

"योगीराज काय म्हणला व्हता? मी फोन करतो, मगच लावा," कावेरीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

"त्याच्या फोनची वाट बघत बसलो तर पाहुणे दारात येतील. मी काय अंगठाबहाद्दर हाय का? समदं लिहून दिलंय पोरानं."

कागद खरंच होता. योगीराजच्या अक्षरात तीन ओळी. टीव्ही बंद करून पेनड्राईव्ह लावा. मागचं बटन दाबून धरून टीव्ही चालू करा. अपडेट चालू असताना लाईट जाता कामा नये, नाहीतर टीव्हीचा दगड होईल. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

टीव्ही पंधरा दिवसांपासून कंपनीच्या नावावर अडकून बसला होता. या गल्लीत लाईट सारखी मिचमिचायची, तिनंच त्याचं डोकं फिरवलं होतं. एरवी अण्णासाहेबांनी फिकीर केली नसती. पण आज पूर्णेहून मुलीकडचे येणार होते. योगीराजची तीन स्थळं मोडली होती आणि तिन्ही वेळा निरोप एकच, पोरगं गुणी आहे पण मुलगी खेड्यात द्यायची नाही. हे चौथं. हेही गेलं तर पोरगं पुन्हा बघायचं नावच काढणार नाही, या भीतीनं अण्णासाहेबांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. बैठकीत भिंतीवर एवढा मोठा टीव्ही अन् तो काळाठिक्कर, हे कसं दिसलं असतं?

योगीराज सकाळीच सेलूला गेला होता. मिठाई, वायर, असलं काहीबाही आणायचं होतं. दोनच्या गाडीनं येतो म्हणाला होता. अण्णासाहेबांच्या फोननं रात्रीच मान टाकली होती. तो भिंतीतल्या देवळीत चार्जिंगला लावलेला, अन् चालू करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पडद्यावर पांढरी रेघ उमटली. पाच टक्के. अकरा टक्के.

"काय अण्णासाहेब, पाहुणे यायलेत म्हणं?" दारावरून नागनाथ जात होता. भावकीतला, आणि भावकीतला असावा तसाच. "लाईट ऱ्हाती का तवर?"

"तुझी नजर न्हाई लागली तर ऱ्हाती."

नागनाथ हसला आणि डीपीच्या, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरच्या वाटेनं निघून गेला. अण्णासाहेबांना ते हसणं अजिबात आवडलं नाही.

एक्केचाळीस टक्क्यांवर पंखा थांबला.

इन्व्हर्टरवर टीव्ही तगला खरा, पण बॅटरी सहा वर्षांची म्हातारी. पाचच मिनिटांत ती ट्याँव ट्याँव करायला लागली.

"अगं बाई, आता कसं?" कावेरीबाईंच्या हातातली परात तशीच राहिली.

"कसं म्हंजे? त्या नागनाथानंच पाडली लाईट! तू रेघंकडं बघ, मी आलो."

एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असे अण्णासाहेब डीपीकडे पळाले. डीपीचं हँडल खाली ओढलेलं होतं आणि त्याला लिंबाचा हिरवा डहाळा बांधला होता.

गावात लाईनमनची वाट कुणी बघत नाही. ज्याचं काम असेल तो हँडल पाडून लाईन बंद करतो, खूण म्हणून डहाळा बांधतो आणि खांबावर चढतो. डहाळा दिसला की हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नागनाथालाही ठाऊक होतं, म्हणूनच मागच्या महिन्यात त्यानं खोटा डहाळा बांधून अण्णासाहेबांची पिठाची गिरणी दिवसभर बंद पाडली होती. तेव्हा तारेवर चिटपाखरू नव्हतं. शिवाय पारावर बसून त्यानंच ते सगळ्यांना हसत हसत सांगितलं.

तरी अण्णासाहेबांनी वर पाहिलं. शाळेपर्यंतचे खांब रिकामे होते. तिथून तारा शाळेमागं वळत होत्या, पुढचं दिसत नव्हतं.

"कोण हाय रं तारंवर?" त्यांनी हाळी दिली. ओ आली नाही.

"नागनाथा, एकदा फसलो, दोनदा न्हाई!"

त्यांनी डहाळा ओरबाडून मातीत फेकला आणि हँडल वर ढकललं. वर ठिणगी उडाली. शाळेमागं कावळ्यांनी एकदम कालवा केला.

परत येताना नागनाथ पारावर तंबाखू मळत बसलेला दिसला.

"डहाळा फेकून आलोय, कळलं का?"

"कसला डहाळा?" नागनाथाचा हात थांबला. "मी तर कवाचा हितंच बसलोय."

"चोराच्या उलट्या बोंबा," म्हणत अण्णासाहेब घरात शिरले.

पंखा फिरत होता. रेघ अठ्ठ्याऐंशीवर होती. दोघं नवरा-बायको देवापुढं उभं राहावं तशी टीव्हीपुढं उभी राहिली. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. शंभर. पडदा काळा झाला, कावेरीबाईंनी डोळेच मिटले, आणि मग लख्ख चित्र आलं, आवाजासकट.

"बघितलंस?" अण्णासाहेबांचा ऊर भरून आला. "पोरगं म्हणायचं, अण्णा, तुमी हात लावू नका. आता सांगतोच त्याला, बापानं करून दाखवलं म्हणून!"

बाहेर कुणीतरी शाळेकडं पळत गेलं. पाठोपाठ आणखी दोघं. टीव्हीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

अण्णासाहेबांनी देवळीतला फोन काढून चालू केला. तो हातात दोनदा थरथरला. योगीराजचा मेसेज होता, एक वाजून बावीस मिनिटांचा.

"वाच की मोठ्यानं," कावेरीबाई म्हणाल्या. "निघाला का सेलूहून?"

अण्णासाहेबांनी फोन लांब धरला आणि हसतच वाचायला लागले, "अण्णा, तुमचा फोन बंद यायलाय. मी लवकर आलो, थेट शाळेमागच्या खांबावर चढायलोय. वायर बदलली की पाहुण्यांपुढं लाईट मिचमिचणार न्हाई. डीपी पाडून डहाळा बांधलाय. माझा फोन येईस्तोवर टीव्हीला हात लावू नका."