काचेच्या अलीकडे

"सर, आता अंगभर गरम लाट येईल. कपडे ओले झाल्यासारखं वाटेल, पण तसं काही होत नाही," काचेपलीकडून माइकवर ती म्हणाली.

"मलाच शिकवतेस का, चिमणे?" स्कॅनच्या टेबलावर आडवे पडलेले सर हसले. निवृत्त होईपर्यंत अठ्ठावीस वर्षं त्यांनी तंत्रज्ञ म्हणून याच खोलीत काढली होती, पण काचेपलीकडच्या खुर्चीवर. बारीक आवाजाच्या या मुलीकडून हे वाक्य त्यांनीच घोटवून घेतलं होतं. आता ती खुर्ची तिची होती. आणि आठवडाभर डाव्या डोळ्याची पापणी उघडेना, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलाय की काय, अशी डॉक्टरांना शंका होती, म्हणून सर टेबलावर होते.

"नियम तो नियम, सर. हलायचं नाही. गिळायचंही नाही."

हातातल्या सुईतून औषध सुटलं. लाट घशातून पोटात, तिथून मांड्यांपर्यंत उतरली. खरंच ओलं झाल्यासारखं वाटलं. हजारो माणसांना आपण हे किती सहज सांगून टाकत होतो, या विचाराने सरांना लाज वाटली. यंत्र घरघरलं आणि थांबलं.

सरांचा एक नियम होता, कुठल्याच पुस्तकात नसलेला, पण चिमणीला शिकवलेला. चित्र साफ असेल तर माइकवरूनच सांगायचं, 'झालं, उठा.' काही दिसलं तर मात्र स्वतः आत जायचं, मानेखाली हात घालून पेशंटला सावकाश बसवायचं, झटक्याने उठू द्यायचं नाही. आणि काय दिसलं याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

सर छतावरच्या स्पीकरकडे बघत राहिले. बोल गं बाई, ते मनात म्हणाले. एकदा 'उठा' म्हण.

स्पीकरमध्ये खट्ट झालं. माइक बंद झाला होता. थोड्या वेळाने दार उघडलं.

चिमणीने त्यांच्या मानेखाली हात घातला. हात गार पडला होता. "सावकाश, सर. घाई नाही." तिने त्यांना बसवलं, खाली वाकून चपला पायात सरकवल्या आणि वाकलेलीच राहिली.

"पुढचं वाक्य?" सरांनी विचारलं.

तिने डावी चपल उगाच पुन्हा नीट केली.

"म्हण."

"रिपोर्ट... रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"आवाज कापला," तिच्या डोक्यावर हात ठेवत सर म्हणाले. "बाकी सगळं बरोबर केलंस."

बाहेर बाकावर त्यांचं घड्याळ आणि चष्मा रुमालात धरून बायको बसली होती. त्यांना बघताच ती उठली.

"काय म्हणाली तुमची चिमणी?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील," म्हणत सरांनी मनगट पुढे केलं. आवाज जराही कापला नाही.

बायकोने घड्याळाचा पट्टा लावला. मनगट मात्र सोडलं नाही.