विहिरीचं पाणी

“हेरंब, पिल्लं झाली! बघ ना!” मृणालिनीने नवऱ्याला हाक मारली. काचेच्या टाकीत गप्पी माशांची नऊ पिल्लं पाणवनस्पतींत लपत होती. एरवी महिन्याला विणाऱ्या या माद्यांना दीड वर्षात एकही पिल्लू झालं नव्हतं. गेल्या महिन्यात तिने टाकीत नळाऐवजी माहेरच्या विहिरीचं पाणी भरलं, तेवढाच काय तो बदल.

तिचं हसू एकाएकी मावळलं.

“नळाच्या पाण्यात डासांची पैदास थांबवणारं औषध कधीपासून सोडतात रे?”

“दोन वर्षं झाली. का गं?”

“आणि मूल व्हावं म्हणून आपण डॉक्टरांकडे कधीपासून जातोय?”

“दीड वर्ष,” म्हणत हेरंब टाकीकडे वळला.

तिला घरात थांबवेना. तिने शेजारचं दार वाजवलं. नुकतंच लग्न झालेली केतकी पाण्याचा पेला हातात घेऊनच दारात आली. मृणालिनीने आधी तो पेला काढून घेतला.