ओमच्या रानातून पाट

निकिता सकाळपासून मोबाईलवरच्या ठोकळ्यांच्या गेममध्ये डोंगरातलं पाणी आपल्या वाडीवर आणत बसली होती. खांबांवरून लांबलचक पाट बांधला, पण पाणी सात ठोकळे वाहायचं की थांबायचं. शेवटी शेखर, तिचा बाबा, शेजारी येऊन बसला.

"दर सात ठोकळ्यांना एक पायरी उतार दे."

पाणी धावत सुटलं. तेवढ्यात निकिताने मध्येच पाटाची भिंत फोडली.

"अगं, तिथे कशाला भोक पाडतेस? आपल्याला कमी येईल ना."

"बाबा, ते ओमचं शेत आहे." ओम म्हणजे शेखरच्या दादाचा मुलगा, चांदवडहून तोही तिच्यासोबत हाच गेम खेळायचा. "त्याच्या रानातून पाट नेलाय, मग त्याला नको का पाणी? आजोबा असंच करायचे, तुम्हीच सांगितलंत."

शेखरला तिच्याकडे बघवेना.

* * *

गेल्याच आठवड्यात त्याने चांदवडला विहिरीवरून दादाच्या रानातून आपल्या मळ्यात पाइपलाइन नेली होती. चर खणायला दादाने आपल्या हाताने उभा कांदा उपटून वाट करून दिली, आणि शेखरने दादाच्या रानात पाणी घ्यायला एकही व्हॉल्व्ह ठेवला नव्हता.