बँकेचं कमिशन

“बँकेच्या घशात कशाला पैसे घालता, वहिनी? भारतातल्या माझ्या खात्यात रुपये भरा, इथे मी ऋजुताला पौंड देत जाईन.” लेक लंडनला शिकायला गेली तेव्हा ह्यांचे तिथले मित्र म्हणाले होते.

काल तिने फोनवर सांगितलं. तो तिच्या खात्यात पैसे टाकतच नाही. बायको कामावर गेली की घरी बोलावतो, नोटा हातात ठेवतो आणि हात सोडत नाही.

“तुझे पैसे वाचत होते ना, आई.”

दर महिन्याला मी त्या मेल्याला ‘थँक्यू भावजी’ पाठवत होते.

आज बँकेतल्या मुलीने कमिशन सांगितलं. “फार जातात हो, काकू. तिकडे ओळखीचं कोणी नाही?”

“आहे,” मी म्हटलं. “म्हणूनच इथे आले.”