आजीचा साबण

ज्ञानदाने सोनचाफ्याच्या वासाच्या बाटलीचं झाकण उघडलं, तशी तिसऱ्या रांगेतली क्षितिजा खुर्चीत पुढे सरकली. एवढ्यासाठीच तर ती आली होती. नाहीतर वसईतल्या महिला मंडळाच्या दिवाळी मेळ्यात घामाघूम होत बसायची तिला काय हौस होती!

स्टेजवर टेबल, टेबलावर तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घुसळून ठेवलेला जग, साचे, हँड ब्लेंडर. समोर स्टँडवर मोबाइल, घरबसल्या बघणाऱ्यांसाठी लाइव्ह चालू. आणि बाजूच्या खुर्चीत ज्ञानदाची आजी, पुतळाबाई. तिला गास गावच्या वाडीतून खास नऊवारी नेसवून आणलं होतं. साबणाच्या प्रत्येक वेष्टणावर तिचाच नथ घातलेला फोटो होता आणि वर ठळक अक्षरांत 'आजीचा साबण'.

आजीचा म्हणे! क्षितिजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साबण तिचा होता. कितीतरी घाणे फुकट गेले, कॉस्टिकने मनगट भाजलं, तेव्हा कुठे तो जमला. उन्हाळाभर ज्ञानदा तिच्याच ओट्याशी उभी राहून "ताई, हे कसं? ताई, ते कसं?" करत शिकली आणि गणपतीत स्वतःचं दुकान मांडून मोकळी झाली. तेही एक वेळ चाललं असतं. पण मग खालच्या मजल्यावरची बाई क्षितिजाच्या साबणाचा वास घेऊन म्हणाली, "छान आहे गं. ज्ञानदाचं बघून केलास का?" तो काटा काही केल्या निघेना.

म्हणूनच, मेळ्यासाठी चाफ्याचा वास मागायला ज्ञानदा दारात आली, तेव्हा क्षितिजाने हसत हसत बाटली काढून दिली होती. "शेवटी घाल, आणि सगळी एकदम ओत," एवढं सांगितलं. याच वासाने तिचा स्वतःचा एक घाणा बघता बघता दगड झाला होता, ते सांगितलं नाही. नवा वास आधी वाटीभर मिश्रणात घालून बघायचा, हा खरं तर तिने शिकवलेला पहिला धडा. ज्ञानदाने तो कधी पाळला नव्हता. आणि आज तर वास फुकटचा. धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं?

"आणि आता, आमच्या आजीचं सीक्रेट!" म्हणत ज्ञानदाने बाटली जगात उपडी केली.

चाफा हॉलभर दरवळला. बायका "आहाहा" म्हणाल्या. ब्लेंडर फिरू लागला, मग त्याचा आवाज जड झाला, घरघरला आणि बंद पडला. ज्ञानदाने तो वर ओढला, तर त्याच्याबरोबर जगच उचलला गेला. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

"एक मिनिट हां, फ्रेंड्स." ज्ञानदाने जग हलवला, टेबलावर आपटला. आतलं तसूभरही हललं नाही. मग तिची नजर हॉलभर फिरली आणि तिसऱ्या रांगेवर येऊन थांबली.

"क्षितिजाताई! अहो, हे काय झालं? आता काय करू?"

उपाय क्षितिजाला ठाऊक होता. जग गरम पाण्यात ठेवला की जरा वेळाने सगळं पुन्हा मऊ पडतं. मेळ्याचं सूत्रसंचालन करणारी सुझान माइक घेऊन धावत आली. क्षितिजाने तो हातात घेतला आणि सावकाश उभी राहिली. सूड इतका गोड लागतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"मला कशाला विचारतेस गं? साबण आजीचा ना? मग आजीलाच विचार!"

हॉल खळखळून हसला. सुझानलाही गंमत वाटली. तिने माइक परत घेऊन पुतळाबाईपुढे नेला. "बोला आजी, आता काय करायचं?"

पुतळाबाई बिचारी गोंधळली. "मला काय इचारता? आमी शिकेकाई लावायचो. साबन कसा करतात, मला काय ठावं?" मग तिने बोट दाखवलं. "हिला इचारा. ही आमच्या पोरीची मास्तरीन. उन्हाळाभर हिच्याकडंच जायची ती साबन शिकायला."

ज्ञानदाचा चेहरा पांढराफटक पडला. मोबाइल चालूच होता. क्षितिजाचा ऊर भरून आला. जे तिला हवं होतं ते तिच्या पदरात पडलं होतं, तेही सगळ्यांसमोर, आणि वेष्टणावरच्या आजीच्याच तोंडून.

पण म्हातारीचं बोलणं संपलं नव्हतं. तिने हात लांब करून जगातल्या साबणावर बोट वाजवलं. ठक् ठक् आवाज आला.

"पन काय गो बाय, तू माझ्या पोरीला सगळं शिकवलंस ना? मग ह्याचा दगड कसा झाला?"

सुझानने माइक परत क्षितिजाच्या तोंडापुढे धरला. सगळ्या माना वळल्या. 'होतं असं कधीकधी' असं म्हणून सुटता आलं असतं. तिने ज्ञानदाकडे पाहिलं. ज्ञानदाच्या हातात अजून तो ब्लेंडर होता आणि ब्लेंडरला जग लटकत होता.

"सगळं शिकवलं होतं, आजी," क्षितिजा म्हणाली. "एकच धडा तिने घेतला नव्हता. तो आज शिकवला."