गच्चीवरच्या खोलीचा दिवा

चेन्नईजवळच्या तांबरमच्या त्या घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच होतं. आमच्या हॉलमधल्या छोट्या डब्यातून एक वायर माझ्या कॉम्प्युटरला जायची, दुसरी खिडकीतून गच्चीवरच्या खोलीत, शेजारच्या कनकाक्कांच्या मुलाकडे, श्रीवत्सकडे. वायरीच्या पलीकडचा कॉम्प्युटर चालू असेल तरच डब्यावरचा त्याचा हिरवा दिवा लागतो, हे मीच अक्कांना समजावलं होतं. मग त्या जिना न चढता इथेच डोकावायच्या. "उठला वाटतं आमचा राजा?"

उन्हाळ्यात श्रीवत्स तापाने गेला. कॉम्प्युटर त्याच्या मामांनी नेला. वायर मात्र अक्कांनी काढू दिली नाही.

खंडेनवमीला इथे यंत्रांना विश्रांती असते. सकाळीच मी कॉम्प्युटर बंद करून त्याला गंध-कुंकू लावलं. डबा बंद करायचा राहिला. दुपारी लक्षात आलं, तर श्रीवत्सचा दिवा लुकलुकत होता.

वायर खराब असेल म्हणून मी ती डब्यातून उपटली. दिवा लुकलुकतच राहिला.

"अलकनंदा, लाव गं ती परत."

अक्का सुंडलची, नैवेद्याच्या हरभऱ्याच्या उसळीची, वाटी घेऊन दारात उभ्या होत्या.

"अक्का, वर काही नाहीये. डबा बिघडलाय."

त्या डब्यापाशी येऊन बसल्या. पूर्वी जिन्याखालून मारायच्या तशी हाक मारली, "श्रीवत्सा, पुरे आता. खाली ये, सुंडल गार होतंय."

त्याचा दिवा विझला.

जिना उतरायला लागावा तेवढा वेळ गेला. मग डब्यावरचा माझ्या बंद कॉम्प्युटरचा दिवा लागला.